गर्भपाताच्या गोळ्या सुरुवातीच्या आठवड्यांत कशा काम करतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किटवर दोन रेघा उमटल्या आणि ही गर्भधारणा पुढे न्यायची नाही असं ठरलं, की पुढचे प्रश्न बऱ्याच जणी कुणाला न विचारता स्वतःच शोधत बसतात. हाती लागतं ते अर्धवट तरी असतं किंवा घाबरवणारं तरी. खरं तर या गोळ्यांचा अभ्यास अनेक दशकं झाला आहे आणि योग्य वेळी, योग्य मात्रेत घेतल्या तर त्या सुरक्षित आहेत. घोळ होतो तो मुख्यतः तीन ठिकाणी: आठवडे चुकीचे मोजले जातात, गर्भ पिशवीबाहेर असल्याचं लक्षात येत नाही, आणि किती रक्त जाणं म्हणजे जास्त हे कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून या तीन गोष्टींवर खाली जास्त लिहिलं आहे. गर्भपाताचा कायदा प्रत्येक देशात वेगळा आहे, तो आपापल्या ठिकाणी विचारून घ्या. आणि हे वाचून झाल्यावरही डॉक्टरांशी बोलणं टाळू नका.

या गोळ्या नेमक्या कोणत्या?

औषधं दोन आहेत. पहिलं मिफेप्रिस्टोन, दुसरं मिसोप्रोस्टॉल. आधी मिफेप्रिस्टोनची एक गोळी आणि एक-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉलच्या चार गोळ्या, असा हा क्रम असतो.

मिफेप्रिस्टोन १९८० साली फ्रान्समध्ये रुसेल-युक्लाफ या कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झालं. १९८८ मध्ये त्याच देशात त्याला मान्यता मिळाली. मिसोप्रोस्टॉल मात्र गर्भपातासाठी बनवलेलंच नव्हतं. ते पोटातल्या अल्सरवरचं औषध. गर्भवतीने घेऊ नये अशी सूचना त्यावर होती, आणि १९८०च्या दशकात ब्राझीलमधल्या बायकांनी तिचा अर्थ बरोबर ओळखला. डॉक्टरांचे अभ्यास नंतर आले. हे मला आवर्जून सांगावंसं वाटतं, कारण या औषधाचा सुरक्षित वापर जगाला कळण्यात त्या अनाम बायकांचा वाटा मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली ही दोन्ही औषधं एकत्रित वापरासाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली.

शरीरात नेमकं काय होतं?

गर्भ टिकून राहतो तो प्रोजेस्टेरॉन नावाच्या हार्मोनच्या जोरावर. हे हार्मोन गर्भाशयाचं आतलं अस्तर जाड आणि रक्ताने भरलेलं ठेवतं, पिशवीच्या स्नायूंना शांत ठेवतं आणि पिशवीचं तोंड घट्ट बंद ठेवतं. त्यासाठी त्याला पेशींमधल्या ठरावीक जागांवर जाऊन बसावं लागतं. मिफेप्रिस्टोन त्याच जागा अडवतं. कुलपात बसते पण फिरत नाही अशा किल्लीसारखं ते तिथे अडकून राहतं, त्यामुळे शरीरात प्रोजेस्टेरॉन भरपूर असूनही त्याचं काम थांबतं. अस्तर सुटायला लागतं, गर्भाची पकड ढिली होते, तोंड मऊ पडतं. शिवाय पिशवीचे स्नायू दुसऱ्या औषधाला चांगला प्रतिसाद द्यायला तयार होतात. या तयारीला एक-दोन दिवस लागतात. दोन औषधांमध्ये अंतर ठेवायचं ते यासाठी.

मग मिसोप्रोस्टॉल. शरीर स्वतः बनवतं त्या प्रोस्टाग्लँडिन गटातल्या द्रव्यासारखंच ते आहे. पाळीत पोटात कळा येतात त्याही प्रोस्टाग्लँडिनमुळेच. त्याने गर्भाशय आकुंचन पावू लागतं, तोंड उघडतं आणि आतलं सगळं रक्ताबरोबर बाहेर पडतं. नैसर्गिक गर्भपातात शरीर जे करतं, तेच इथे औषधाने घडवलं जातं.

किती आठवड्यांपर्यंत घेता येतात?

बऱ्याच देशांत १० आठवडे, म्हणजे ७० दिवसांपर्यंत या गोळ्या घरी घ्यायला दिल्या जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचना १२ आठवड्यांपर्यंत हे घरी करता येतं असं सांगतात, अर्थात नीट माहिती, दर्जेदार औषधं आणि गरज पडल्यास मदत मिळण्याची सोय असेल तर. त्यानंतरही गोळ्या वापरतात, पण मात्रा बदलते आणि सगळं दवाखान्यातच करावं लागतं. जितकं लवकर, तितकं रक्त कमी, दुखणं कमी आणि यश जास्त.

आठवडे मोजायचे कुठून?

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. संबंध आला त्या दिवसापासून नाही, पाळी चुकली त्या दिवसापासूनही नाही. सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो.

समजा, पाळी १ तारखेला आली होती आणि ती दर २८ दिवसांनी येते. म्हणजे पुढची पाळी २९ तारखेला यायला हवी होती. ती आली नाही, तर त्याच दिवशी चार आठवडे पूर्ण झालेले असतात. आणखी आठवडाभर वाट पाहून किट आणलं, तर पाच. “मला जेमतेम एकच महिना झालाय,” असं म्हणणारी कितीतरी वेळा आठव्या-नवव्या आठवड्यात असते, कारण ती पाळी चुकल्यापासून मोजत असते. तारीख आठवत नसेल तर अंदाजाने पुढे जाऊ नका. पाळी अनियमित असेल, नुकतंच बाळंतपण झालं असेल, अंगावर पाजत असाल किंवा गर्भनिरोधक गोळ्या सोडून फार दिवस झाले नसतील, तर तारखेवर भरवसा ठेवता येत नाही. सोनोग्राफी करून घ्या.

आणखी एक. गर्भ राहिल्यावरही काही जणींना पाळीच्या सुमारास थोडं रक्त दिसतं. तीच पाळी धरली तर हिशेब चक्क चार आठवड्यांनी चुकतो. शेवटची ‘पाळी’ नेहमीपेक्षा खूप हलकी किंवा एखाद-दुसऱ्या दिवसाचीच असेल तर ते डॉक्टरांना मुद्दाम सांगा.

सोनोग्राफी करावीच लागते का?

तारीख पक्की आहे, पाळी नियमित आहे आणि त्रास काही नाही, अशा वेळी सोनोग्राफीशिवायही गोळ्या देता येतात. जागतिक आरोग्य संघटना ती सक्तीची मानत नाही. तारखेबद्दल शंका असेल किंवा गर्भ पिशवीबाहेर असण्याची जरा जरी शक्यता वाटत असेल, तर मात्र ती हवीच.

गर्भ पिशवीबाहेर असणं म्हणजे काय? त्याची एवढी भीती का?

शंभरातल्या एक-दोन गर्भधारणा गर्भाशयाच्या बाहेर रुजतात, बहुतेक वेळा अंडाशयाकडून पिशवीकडे येणाऱ्या नळीत. किट तेव्हाही दोन रेघा दाखवतं. मळमळ होते, पाळी चुकते, सगळं नेहमीसारखंच वाटतं. या गोळ्या अशा गर्भावर काम करत नाहीत. त्या पिशवीचं अस्तर काढतात, त्यामुळे रक्त जातं आणि बाई समजते की मोकळी झाले. नळीतला गर्भ मात्र वाढत राहतो, आणि नळी फुटली तर पोटात रक्तस्राव होऊन जीवावर बेततं.

म्हणून ही लक्षणं लक्षात ठेवा: पोटात एका बाजूला सारखं दुखणं, चक्कर किंवा घेरी येणं, खांद्याच्या टोकाला दुखणं, गोळ्या घेण्याआधीच अधूनमधून रक्त दिसणं. खांद्याचं दुखणं वाचून नवल वाटेल, पण पोटात रक्त साचलं की छातीखालच्या पडद्याला टोचणी लागते आणि दुखतं खांद्यात. आधी नळीत गर्भ राहिला असेल, नळीचं किंवा नसबंदीचं ऑपरेशन झालं असेल, किंवा तांबी असताना दिवस गेले असतील, तर गोळ्यांआधी सोनोग्राफी करायलाच हवी. गोळ्या घेतल्या आणि रक्त जवळजवळ गेलंच नाही, अशा वेळीही हीच शंका आधी मनात आणा.

या गोळ्या कुणी घेऊ नयेत?

गर्भ पिशवीबाहेर असेल तर नाही. पोटात तांबी असेल तर ती आधी काढावी लागते. रक्त न गोठण्याचा आजार असेल, रक्त पातळ ठेवणारी औषधं चालू असतील, हिमोग्लोबिन फार खाली असेल, मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथींचा जुना आजार असेल, खूप दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील, पॉर्फिरिया हा आनुवंशिक आजार असेल किंवा यातल्या एखाद्या औषधाची ॲलर्जी असेल, तर आधी डॉक्टरांना सांगा. अशांपैकी बऱ्याच जणींसाठी मशीनने पिशवी रिकामी करणं जास्त सुरक्षित ठरतं. तपासणीच्या वेळी आपले आजार आणि चालू औषधं लपवू नका. इथे लाज महागात पडते.

गोळ्या कशा घ्यायच्या?

नेहमीची पद्धत अशी. मिफेप्रिस्टोन २०० मिलिग्रॅमची एक गोळी पाण्याबरोबर गिळायची. त्यानंतर २४ ते ४८ तासांच्या दरम्यान मिसोप्रोस्टॉल ८०० मायक्रोग्रॅम. ही गोळी बहुधा २०० मायक्रोग्रॅमची येते, म्हणून चार. त्या योनीत ठेवतात, जिभेखाली ठेवतात किंवा गाल आणि हिरडी यांच्या मध्ये ठेवतात. ९ आठवड्यांच्या पुढे बऱ्याच ठिकाणी चार तासांनी आणखी एक मात्रा देतात. तुम्हाला कोणती पद्धत सांगितली आहे ते कागदावर लिहून घ्या.

गालात ठेवायचं म्हणजे काय, हे नीट सांगते, कारण तिथेच चुकतं. आधी दोन घोट पाणी पिऊन तोंड ओलं करा, कोरड्या तोंडात गोळी विरघळत नाही. मग दोन गोळ्या उजव्या गालात आणि दोन डाव्या गालात, खालच्या हिरडीला लागून सरकवा. अर्धा तास काही खायचं नाही, पाणी प्यायचं नाही आणि शक्यतो बोलायचंही नाही. लाळ गिळली तरी चालते. गोळ्या खडूसारख्या पिठूळ होत जातात आणि तोंड कोरडं पडल्यासारखं वाटतं. अर्ध्या तासाने जो काही चोथा उरला असेल तो पाण्याबरोबर गिळून टाका. तो पूर्ण विरघळला नाही म्हणून काळजी करू नका.

मिसोप्रोस्टॉल दमट हवेने लवकर खराब होतं. पाकिटाची चांदी फाटलेली असेल, गोळ्या सुट्या काढून पुडीत बांधून दिल्या असतील किंवा तारीख उलटून गेली असेल, तर त्या घेऊ नका.

पहिल्या गोळीनंतर काहीच झालं नाही. ती लागू पडली नाही का?

लागू पडली. बहुतेक जणींना मिफेप्रिस्टोननंतर काहीच जाणवत नाही, फार तर मळमळ होते किंवा थोडे डाग दिसतात. उलट, रक्त जायला लागलं तरी “झालं बहुतेक” म्हणून दुसऱ्या गोळ्या सोडू नका. त्या घ्यायच्याच.

मिसोप्रोस्टॉल घेतल्यावर काय काय होतं?

यासाठी एक अख्खा दिवस मोकळा ठेवा. बाथरूम जवळ असावं, मोठे पॅड हाताशी असावेत आणि घरात कुणीतरी मोठं माणूस असावं.

पहिल्या तासात थंडी वाजून येते. कधी दात वाजावेत इतकी हुडहुडी भरते, थोडा ताप येतो, मळमळतं, एक-दोन उलट्या होतात, जुलाब होतात. हा औषधाचाच परिणाम आहे. पिशवीबरोबर आतड्यांचे स्नायूही आवळले जातात म्हणून पोट बिघडतं. काही तासांत हे ओसरतं.

बहुतेक वेळा एक ते चार तासांत कळा आणि रक्त सुरू होतं. कळा लाटेसारख्या येतात. काहींना त्या जोरदार पाळीएवढ्या वाटतात, काहींना त्याहून बऱ्याच जास्त. मूल झालेल्या बायकांना साधारणपणे कमी दुखतं, पण हा नियम नाही. रक्त पाळीपेक्षा जास्त जातं, गाठी पडतात, आणि लिंबाएवढी गाठ पडली तरी ती यात बसते. गर्भ बाहेर पडतो तो तासाभराचा काळ सगळ्यात जड जातो. त्यानंतर कळा एकदम कमी होतात आणि रक्तही उतरतं. बऱ्याच जणींचं हे चार-पाच तासांत उरकतं, काहींना २४ तासही लागतात.

पुढे पाळीसारखं, मग त्याहून कमी असं रक्त साधारण ९ ते १६ दिवस जातं. मध्ये एखादा दिवस थांबून पुन्हा येतं. पुसट डाग तीन-चार आठवडेही दिसू शकतात.

मिसोप्रोस्टॉल घेऊन २४ तास झाले आणि रक्त आलंच नाही किंवा नुसते डाग दिसले, तर दवाखान्यात कळवा.

बाहेर काय पडतं? ते दिसतं का?

सात आठवड्यांपर्यंत गाठींशिवाय वेगळं काही ओळखू येत नाही. आठ-नऊ आठवड्यांच्या पुढे फिकट, पांढरट-करडा, मऊ तुकडा दिसू शकतो. ती गर्भाची पिशवी असते. नऊ-दहा आठवड्यांत कधी गर्भही नजरेला पडतो. हे आधी माहीत असलेलं बरं. पाहायचं नसेल तर पाहू नका. पाहिलंच पाहिजे असं नाही, आणि तपासायला नेण्याचीही बहुधा गरज नसते.

दुखणं कमी करायला काय घ्यावं?

आयब्युप्रोफेन सगळ्यात उपयोगी पडतं. मिसोप्रोस्टॉलबरोबर किंवा कळा सुरू होताच ते घ्या, दुखणं शिगेला पोचेपर्यंत थांबू नका. त्याने गर्भपाताच्या औषधाचं काम अडत नाही, हे तपासलेलं आहे. अल्सर, मूत्रपिंडाचा आजार किंवा ॲलर्जी असेल तर पॅरासिटामॉल घ्या, मात्र एकट्या त्याने या कळा तितक्या आटोक्यात येत नाहीत. ॲस्पिरिन टाळा, त्याने रक्त वाढू शकतं. ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवली की खूप बरं वाटतं. दुखणं सहन करून दाखवण्यात काहीही मिळत नाही, गोळी घ्या.

गोळी घेतल्यावर उलटी झाली तर?

मिफेप्रिस्टोन गिळल्यावर तासाभरात उलटी झाली, तर ती पुन्हा घ्यावी लागू शकते. ज्यांनी दिली त्यांना विचारा. मिसोप्रोस्टॉल गालात किंवा जिभेखाली पूर्ण अर्धा तास राहिलं असेल आणि मग उलटी झाली, तर हरकत नाही. औषध तोपर्यंत तोंडातून शोषलं गेलेलं असतं. योनीत ठेवलेल्या गोळ्यांना उलटीने काही फरक पडत नाही.

ताबडतोब दवाखान्यात कधी जायचं?

हा भाग सोबतच्या माणसालाही वाचायला द्या.

मोठे पॅड पूर्ण भिजतायत, एका तासात दोन बदलावे लागतायत आणि असं सलग दोन तास चाललं आहे, तर निघा. पॅड ‘पूर्ण भिजणं’ म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मागपर्यंत रक्त पोचणं. मध्ये मोठा लाल डाग पडला म्हणजे पॅड भिजला असं नाही. पॅड लावताना वेळ टिपून ठेवली तर घाबरलेल्या मनाला आधार मिळतो आणि डॉक्टरांनाही नेमकं सांगता येतं. लिंबापेक्षा मोठ्या गाठी तासन् तास पडत राहिल्या, उभं राहताच घेरी आली, छाती धडधडू लागली, अंगाला थंड घाम सुटला, तर पॅड मोजत बसू नका. सरळ निघा.

ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त असेल आणि मिसोप्रोस्टॉल घेऊन २४ तास उलटून गेले असतील, तर तो औषधाचा परिणाम धरू नये. घाण वासाचा पांढरा किंवा पिवळा स्राव, औषध घेऊनही न थांबणारं पोटदुखणं, हीसुद्धा जंतुसंसर्गाची लक्षणं आहेत. ताप नसतानाही एका दिवसानंतर खूप अशक्त वाटत असेल, उलट्या-जुलाब थांबत नसतील, अंगात त्राण नसेल, तर दाखवा. असा संसर्ग अतिशय दुर्मीळ आहे, पण झाला तर झपाट्याने वाढतो.

आणि नळीतल्या गर्भाची वर सांगितलेली लक्षणं.

गंभीर गुंतागुंत शंभरात एकीलाही होत नाही. ज्यांना होते त्यांचं बरं होणं बव्हंशी त्या किती लवकर पोचल्या यावर असतं. कुणी बोलेल या धास्तीने उशीर करू नका. डॉक्टरांना काय घेतलं आणि कधी घेतलं हे सांगता आलं तर उपचार लवकर सुरू होतात.

झालं की नाही हे कसं कळणार?

जोरदार कळा, गाठींसह भरपूर रक्त, मग उतार, आणि आठवड्याभरात मळमळ व छातीचं दुखरेपण गेलेलं, असं घडलं असेल तर बहुधा पूर्ण झालं. दोन्ही औषधं सुरुवातीच्या आठवड्यांत घेतली तर शंभरातल्या साधारण ९५ ते ९८ जणींना पुढे दुसरं काही करावं लागत नाही.

खात्रीसाठी एक-दोन आठवड्यांनी दवाखान्यात जाऊन सोनोग्राफी करता येते, किंवा रक्तातल्या एचसीजी या गर्भधारणेच्या हार्मोनची पातळी उतरली का हे पाहता येतं. घरच्या किटने तपासायचं असेल तर चार आठवडे थांबा. त्याआधी केलं तर सगळं नीट झालेलं असूनही दोन रेघा येऊ शकतात, कारण गर्भधारणेचं हार्मोन शरीरातून हळूहळू जातं. त्या पाहून कितीतरी जणी हबकतात आणि कारण नसताना पुन्हा गोळ्या आणतात. चार आठवड्यांनंतरही दोन रेघा येत असतील तर मात्र तपासून घ्या.

सोनोग्राफीच्या कागदावर ‘थोडे अवशेष’ असं लिहिलेलं दिसलं की लगेच क्युरेटिंग करावं लागतं असंही नाही. अस्तराचे आणि रक्ताचे तुकडे पुढच्या पाळीबरोबर निघून जातात. रक्त फार जात नसेल, ताप नसेल, तर वाट पाहता येते का, असं डॉक्टरांना जरूर विचारा.

गोळ्यांनी झालंच नाही तर?

मिसोप्रोस्टॉलची आणखी मात्रा देतात किंवा मशीनने पिशवी रिकामी करतात. बारीक नळी आत घालून आतलं ओढून घेण्याची ती पद्धत काही मिनिटांची आहे. गर्भ वाढतच राहिला आणि विचार बदलून तो ठेवायचं ठरलं, तर डॉक्टरांना गोळ्यांबद्दल सांगायला हवं. मिसोप्रोस्टॉलमुळे बाळाच्या हातापायांत किंवा चेहऱ्याच्या नसांत व्यंग येण्याची शक्यता असते. ती थोडी आहे, पण खरी आहे.

पहिली गोळी घेतल्यावर विचार बदलला तर?

दुसऱ्या गोळ्या घेऊ नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. नुसत्या मिफेप्रिस्टोनने गर्भ पडेलच असं नाही, आणि त्यामुळे बाळात व्यंग आल्याचं आढळलेलं नाही. प्रोजेस्टेरॉन देऊन परिणाम ‘उलटवता’ येतो असं काही ठिकाणी सांगितलं जातं, त्याला भरवशाचा पुरावा नाही. २०१९ साली अमेरिकेत हे तपासायला घेतलेला अभ्यास तीन स्त्रियांना जोराचा रक्तस्राव झाल्यामुळे मध्येच थांबवावा लागला होता. त्यामुळे मन पक्कं होईपर्यंत पहिली गोळी घेऊ नका. दोन-चार दिवस विचारात गेले तर बिघडत नाही.

फक्त मिसोप्रोस्टॉलने होतं का?

होतं. मिफेप्रिस्टोन मिळतच नसेल तिथे जागतिक आरोग्य संघटना ही पद्धत मान्य करते. ८०० मायक्रोग्रॅमची मात्रा तीन-तीन तासांनी, गर्भ पडेपर्यंत द्यावी लागते. दोन्ही औषधं एकत्र घेण्याच्या मानाने यात यश कमी, आणि थंडी-जुलाब जास्त. दोन्ही मिळत असतील तर दोन्हीच घ्या.

संबंधांनंतर घेतात ती इमर्जन्सी गोळी हीच का?

नाही. ती गर्भ राहण्याआधी काम करते, अंडं बाहेर पडणं लांबवते. राहिलेला गर्भ तिने पडत नाही.

सिझेरियन झालंय, बाळ अंगावर पितंय, रक्तगट निगेटिव्ह आहे. चालेल?

सुरुवातीच्या आठवड्यांत आधीच्या सिझेरियनमुळे अडत नाही, फक्त डॉक्टरांना सांगा. दूध पाजणं चालू ठेवता येतं, औषध दुधात फारच थोडं उतरतं. निगेटिव्ह रक्तगटासाठी एरवी देतात त्या अँटी-डी इंजेक्शनची १२ आठवड्यांच्या आत गरज नाही असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, पण काही डॉक्टर ते देतात. विचारून घ्या.

पुढे मूल व्हायला अडचण येईल का?

नाही. गोळ्यांनी वंध्यत्व येत नाही, पिशवी ‘कमजोर’ होत नाही, कॅन्सर होत नाही. औषध काही दिवसांत शरीरातून निघून जातं. एवढी पसरलेली आणि एवढी निराधार भीती दुसरी नसेल. हिच्यामुळे कितीतरी जणी पुढे वर्षानुवर्षं स्वतःला दोष देत राहतात. हेळसांड झालेला जंतुसंसर्ग मात्र नळ्यांना इजा करू शकतो, म्हणून ताप अंगावर काढायचा नाही.

पाळी कधी येईल? पुन्हा दिवस कधी जाऊ शकतात?

पाळी साधारण चार ते सहा आठवड्यांत येते. पण अंडं त्याच्या कितीतरी आधी बाहेर पडतं, कधी आठ-दहा दिवसांतच. म्हणजे पाळी न येताच पुन्हा दिवस जाऊ शकतात. गर्भनिरोधक गोळ्या किंवा इंजेक्शन लगेच सुरू करता येतं, तांबी गर्भपात पूर्ण झाल्याची खात्री झाल्यावर बसवतात. संबंध कधी ठेवायचे ते तुमच्या शरीराला आणि मनाला विचारून ठरवा. नवऱ्याला किंवा जोडीदाराला घाई आहे हे कारण पुरेसं नाही.

मला सुटल्यासारखं वाटतंय, आणि त्याचंच वाईट वाटतंय. हे बरोबर आहे का?

हो. सुटका वाटणं, रडू येणं, दोन्ही एकाच दिवशी होणं, काहीच न वाटणं, सगळं होतं. हार्मोन झपाट्याने उतरतात त्याचाही परिणाम काही दिवस राहतो. दोन-तीन आठवडे उलटूनही झोप लागत नसेल, कशात मन रमत नसेल किंवा जगण्याचाच कंटाळा यायला लागला असेल, तर समुपदेशकाशी किंवा डॉक्टरांशी बोला. गर्भपात करायला कुणी भाग पाडलं असेल तर तेही तिथे सांगा. तो तुमचा दोष नाही.

सोबत असणाऱ्याने काय करायचं?

जाण्याचं वाहन आणि दवाखान्याचा फोन नंबर आधीच ठरवून ठेवा, रात्री शोधाशोध नको. मिसोप्रोस्टॉल किती वाजता घेतलं ते लिहा. पॅड बदलल्याच्या वेळा लिहा. दुखण्याची गोळी पुन्हा कधी देता येईल ते लक्षात ठेवा. पाणी द्या, पचेल ते हलकं खायला द्या, बाथरूमचं दार आतून लावू देऊ नका, कारण घेरी येऊ शकते. प्रश्न कमी विचारा. तिला एकटं बसायचं असेल तर बाहेर बसा, पण हाकेच्या अंतरावर राहा. दुसऱ्या दिवशीही ताप पाहा, घरातली कामं तुम्ही करा, आणि चार आठवड्यांनी किट आणून द्यायचं आहे याची नोंद तुमच्या फोनमध्ये आजच करून ठेवा.